भाग १७ : त्रिमितीय मॉडेलचे 'अर्थपूर्ण' तुकडे संगणक कसे पाडतो?

मागच्या भागात आपण पाहिलं की स्कॅनर एखाद्या वस्तूभोवती फिरतो आणि संगणकात तिची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. आज त्याच्या पुढची पायरी. त्या प्रतिकृतीत डोकं कुठलं, हात कुठला, पाय कुठला, हे संगणकाला कसं कळतं? की कळतच नाही?

थोडक्यात उत्तर असं की आपोआप कळत नाही, कळवावं लागतं. ते कळवण्याच्या रीती शोधण्यात जगभरच्या संशोधकांची वीस-पंचवीस वर्षं गेली आहेत. या रीती अगदी साध्या भाषेत समजून घेऊ. गणित फार लागणार नाही. नकाशा वाचता येणाऱ्याला, किंवा मोदक वळता येणाऱ्याला, हा विषय सहज समजेल.

जाळी म्हणजे काय

संगणकातलं त्रिमितीय मॉडेल आतून भरीव नसतं. ती एक जाळी असते. मासे धरायच्या जाळ्यात गाठी आणि दोरे असतात, तसे इथे बिंदू आणि कडा असतात. तीन कडा मिळून एक त्रिकोण होतो आणि असे हजारो त्रिकोण एकमेकांना चिकटून वस्तूचा पृष्ठभाग तयार होतो. घन ठोकळा करायचा तर ८ बिंदू आणि १२ त्रिकोण पुरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९४ साली मातीच्या एका सशाचं स्कॅन केलं गेलं. संगणक चित्रणाच्या क्षेत्रात तो ससा प्रसिद्ध आहे. त्याच्या मूळ जाळीत ६९,४५१ त्रिकोण आहेत.

त्या सशाची फाईल उघडली तर दोन याद्या दिसतात. पहिल्या यादीत प्रत्येक बिंदूचे तीन आकडे असतात : किती उजवीकडे, किती वर, किती पुढे. दुसऱ्या यादीत कुठले तीन बिंदू जोडून त्रिकोण होतो ते लिहिलेलं असतं. बस. 'कान' हा शब्द त्या फाईलमध्ये कुठेही नसतो. आपल्याला चित्र बघताक्षणी कान दिसतो, संगणकाला फक्त त्रिकोण दिसतात.

म्हणजे आपलं काम असं : प्रत्येक त्रिकोणाला एक क्रमांक द्यायचा. डोक्याच्या सगळ्या त्रिकोणांना १, उजव्या कानाच्या त्रिकोणांना २, डाव्या कानाच्या ३, आणि याप्रमाणे पुढे. ऐकायला सोपं वाटतं ना? मग एक हिशेब बघा. १२ त्रिकोणांच्या ठोकळ्याचे दोन गट करायचे तर २,०४७ प्रकारे करता येतात. २० त्रिकोण असतील तर ५,२४,२८७ प्रकारे. सशाच्या ६९ हजार त्रिकोणांसाठी तर हा आकडा लिहायला वीस हजारांहून जास्त अंक लागतील. सगळे प्रकार तपासून चांगला निवडू, हा मार्ग पहिल्याच पायरीवर बंद होतो. काहीतरी नियम हवा.

पहिला नियम : खाच शोधा

फौजेत तरुण अधिकाऱ्याला सुरुवातीलाच सँड मॉडेल करायला शिकवतात. जमिनीवर वाळू पसरायची आणि ज्या मुलखात कारवाई करायची त्याची छोटी प्रतिकृती करायची. मग छडी घेऊन सगळ्यांना जमीन समजावून सांगायची. सांगताना मुलूख आपोआप भागांत विभागला जातो : ही मुख्य डोंगरधार, ही तिची सोंड, ही दोन सोंडांमधली घळ, ही खिंड, हे टेकाड. वाळू एकच असते, तिच्यावर रेषा कुणी आखलेल्या नसतात. तरी दहा अधिकाऱ्यांना विचारलं तर दहाही जण एक सोंड कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते जवळपास सारखंच दाखवतील. का? कारण मध्ये घळ आहे. जमीन आत वळते तिथे भाग बदलतो.

हीच गोष्ट डोनाल्ड हॉफमन आणि व्हिटमन रिचर्ड्स या दोघांनी १९८४ साली शास्त्रीय स्वरूपात मांडली. माणसाची नजर वस्तूचे भाग कुठे पाडते? जिथे पृष्ठभाग सर्वांत जास्त आत वळतो, त्या खाचेवर. स्वतःच्या शरीराकडे पाहा. मान आणि खांद्याच्या मध्ये खाच आहे, काखेत खाच आहे, दोन बोटांच्या मध्ये खाच आहे. या सगळ्या आपल्या भागांच्या सीमा आहेत.

संगणकाला खाच कशी कळते? शेजारशेजारच्या दोन त्रिकोणांमधला कोन मोजून. कौलारू घराचं आढं आठवा. तिथे दोन उतार मिळतात आणि वर टोक येतं. हा बाहेरचा वळसा. आता त्याच घराला काटकोनात दुसरं छप्पर जोडलंय असं समजा. दोन छपरं मिळतात तिथे पावसाचं पाणी साचून वाहतं, ती पन्हळ. हा आतला वळसा. संगणक प्रत्येक कडेजवळ विचारतो : हे आढं की पन्हळ? पन्हळ असेल तर किती खोल? खोल पन्हळी एकमेकींना जोडत गेलं की सीमा तयार होते.

कुतुबमिनार आणि मोदक

हा नियम चांगला आहे, पण त्याच्यावर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. आम्ही दिल्लीकर पाहुण्यांना हमखास कुतुबमिनार दाखवायला नेतो, तर त्याच्यावरच नियम लावून बघू. मिनार ७२.५ मीटर उंच आहे आणि त्याचे पाच मजले आहेत. प्रत्येक मजल्यानंतर बाहेर आलेला सज्जा आहे. सज्जा मिनाराला मिळतो तिथे खाच आहे. नियम लावला की पाच मजले सुटे होतात. छान.

पण पहिल्या मजल्याच्या भिंतीवर एक गोल, एक कोनदार असे आलटून-पालटून २४ उभे उंचवटे आहेत. दोन उंचवट्यांच्या मध्येही खाच आहे. नियम तिथेही सुरी चालवणार आणि एका मजल्याच्या २४ उभ्या फाका करणार. दुसऱ्या मजल्यावर फक्त गोल उंचवटे, तिसऱ्यावर फक्त कोनदार. तिथेही तेच होणार.

आता हे चूक म्हणायचं का? नक्षीचा अभ्यास करणाऱ्याला त्या फाकाच हव्या असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला तिसरीच विभागणी हवी असते : कुतुबुद्दीन ऐबकानं बांधलेला खालचा भाग, इल्तुतमिशनं चढवलेला भाग, आणि वीज पडून नुकसान झाल्यावर फिरोजशाह तुघलकानं पुन्हा बांधलेला वरचा भाग. डागडुजी करणाऱ्याला दगडाप्रमाणे भाग हवेत, कारण खालचे तीन मजले वालुकाश्माचे आहेत आणि वरच्या दोन मजल्यांत संगमरवरही आहे. मिनार एक, जाळी एक, पण 'अर्थपूर्ण' विभागण्या चार. अर्थ त्रिकोणांत नसतो, विचारणाऱ्याच्या प्रश्नात असतो. आजच्या भागातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य, लक्षात ठेवा.

उकडीच्या मोदकाचंही असंच. खाचेचा नियम मोदकाच्या कळ्या एकेक करून सुट्या करील. पण खाणाऱ्याच्या दृष्टीनं मोदकाचे भाग दोनच : पारी आणि सारण. सारण तर पृष्ठभागावर दिसतच नाही. जाळी फक्त बाहेरची साल असल्यामुळे आतलं काही तिला ठाऊक नसतं. हा मुद्दा पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

दुसरा मार्ग : पाणी ओतून पाहा

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचं काय होतं ते आपण शाळेत शिकलो. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो. पूर्वेला पडलेला गोदावरी किंवा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो. माथ्याची रेषा म्हणजे जलविभाजक. १९९९ साली ॲलन मॅंगन आणि रॉस व्हिटेकर यांनी हीच कल्पना जाळीवर लावली.

त्यांनी प्रत्येक बिंदूला एक काल्पनिक उंची दिली. जिथे पृष्ठभाग सपाट किंवा सौम्य, तिथे उंची कमी. जिथे तो घडी पडल्यासारखा एकदम वळतो, तिथे उंची जास्त. मग जाळीवर सगळीकडे काल्पनिक पाऊस पाडायचा. प्रत्येक थेंब उताराकडे जाईल आणि कुठल्यातरी खळग्यात पोचेल. एका खळग्यात जमणारे सगळे त्रिकोण मिळून एक भाग. दोन खळग्यांमधली धार म्हणजे सीमा.

यात अडचण एकच, पण मोठी आहे. खरी वस्तू कधी गुळगुळीत नसते आणि स्कॅनमध्येही खरखर येते. प्रत्येक बारीक उंचवट्याजवळ एक डबकं तयार होतं आणि एका पायाचे दोनशे भाग होऊन बसतात. म्हणून दुसरी फेरी घ्यावी लागते. जी धार अगदी उथळ आहे ती पुसून टाकायची आणि दोन्हीकडची डबकी एक करायची.

दिल्लीत याचं चांगलं उदाहरण आहे. शहरातून जाणारा अरवलीचा कणा, ज्याला आम्ही इथे नुसतं 'रिज' म्हणतो, तो जलविभाजकच आहे. रिजच्या पूर्वेकडचं पाणी यमुनेकडे उतरतं, पश्चिमेकडचं नजफगड नाल्याकडे. नकाशावर दोन वेगळे भाग झाले. पण तो नाला उत्तरेला वळसा घालून वजीराबादजवळ यमुनेलाच मिळतो. मग भाग दोन की एक? नालेसफाईचं काम पाहणाऱ्याला दोन हवेत. यमुनेत एकूण किती घाण जाते ते मोजणाऱ्याला एकच हवा. डबकी कुठपर्यंत एक करत जायची, हे पाणी सांगत नाही. ते आपल्याला ठरवावं लागतं.

तिसरा मार्ग : दोन तळ ठोका, मग सीमा आखा

२००३ साली सागी कात्झ आणि आयेलेत ताल यांनी एक रीत मांडली. फौजी माणसाला ती लगेच पटते. दोन कंपन्यांना शेजारशेजारचे इलाके वाटून द्यायचे असतील तर काय करतात? प्रत्येकीचा तळ ठरवतात. तळाजवळची जमीन कुणाची यात वाद नसतो. वाद असतो मधल्या पट्ट्याचा. त्या पट्ट्यात सीमा आखताना ओढा, पायवाट, बांध अशी जमिनीवर ओळखू येणारी खूण धरतात. अंधारातही जवानाला कळलं पाहिजे की आपली हद्द इथे संपली.

जाळीतही असंच करतात. एकमेकांपासून सर्वांत दूर असलेले त्रिकोण तळ म्हणून निवडायचे. मग प्रत्येक त्रिकोण कुठल्या तळाच्या जवळ आहे ते मोजायचं. अंतर मात्र सरळ रेषेत मोजायचं नाही. मुंगी पृष्ठभागावरून चालत गेली तर तिला जेवढं पडेल तेवढं धरायचं. शिवाय वाटेत पन्हळ ओलांडावी लागली तर वरून दंड. एका बोटाच्या टोकावरून शेजारच्या बोटाच्या टोकावर जायला हवेतून दोनच सेंटिमीटर असतील, पण मुंगीला खाली उतरून, खाच ओलांडून पुन्हा चढावं लागतं. म्हणून दोन बोटं दूरची ठरतात.

असं मोजल्यावर काही त्रिकोण निःसंशय एकाचे, काही निःसंशय दुसऱ्याचे आणि मधला एक पट्टा 'संदिग्ध' राहतो. शेवटी फक्त त्या पट्ट्यात, सर्वांत खोल पन्हळीवरून आणि शक्य तितक्या कमी लांबीची सीमा काढायची. आधी खात्रीचं ठरवायचं आणि संशयाचं शेवटी, हा क्रम या रीतीचा प्राण आहे.

चौथा मार्ग : आतून जाडी मोजा

हाताची मूठ वळली तर खाचा बदलतात, अंतरंही बदलतात. पण एक गोष्ट बदलत नाही : बोटाची जाडी. २००८ साली लिओर शपिरा, एरिएल शमीर आणि डॅनियल कोहेन-ऑर यांनी ही बाब पकडली. प्रत्येक त्रिकोणावरून आतल्या दिशेला टॉर्चच्या झोतासारखे काही काल्पनिक किरण सोडायचे आणि समोरच्या भिंतीवर आदळेपर्यंत ते किती लांब जातात ते पाहायचं. त्यांची सरासरी म्हणजे तिथली जाडी. बोटावर ती कमी येते, तळव्यावर जास्त, दंडावर त्याहून जास्त, धडावर सर्वांत जास्त. सारख्या जाडीचे शेजारी त्रिकोण एकत्र केले की माणूस उभा असो, बसलेला असो की पळत असो, भाग तेच निघतात. ही रीत 'सीगॅल' नावाच्या मोफत सॉफ्टवेअर संग्रहात तयार मिळते. प्रोग्रामिंग येणाऱ्या तरुणांनी जरूर करून पाहावी.

बरोबर कोण, हे ठरवायचं कसं?

इतक्या रीती झाल्या की परीक्षा घ्यावीच लागते. २००९ साली प्रिन्स्टन विद्यापीठात चेन, गोलोविन्स्की आणि फंकहाउझर यांनी ती घेतली. १९ प्रकारच्या वस्तूंची ३८० मॉडेलं निवडली : माणूस, पेला, चष्मा, विमान, मुंगी, खुर्ची, ऑक्टोपस, टेबल, टेडी अस्वल वगैरे. ती सामान्य माणसांना दाखवून 'याचे भाग पाडा' असं सांगितलं. मग संगणकाच्या सात रीतींचे निकाल माणसांच्या निकालांशी ताडून पाहिले.

ताडून पाहायची एक पद्धत फार साधी आहे. मॉडेलमधले कुठलेही दोन त्रिकोण उचला आणि दोघांना विचारा : हे एकाच भागातले का? माणूस हो म्हणाला आणि संगणकही हो म्हणाला, तर गुण. दोघेही नाही म्हणाले, तरी गुण. मतभेद असेल तर गुण नाही. सगळ्या जोड्यांसाठी हे केलं की टक्केवारी निघते.

या परीक्षेतून तीन गोष्टी कळल्या. एक, बहुतेक वस्तूंच्या बाबतीत वेगवेगळी माणसं आश्चर्य वाटावं इतकी सारखी विभागणी करतात. दोन, कुठलीही एक रीत सगळ्या वस्तूंवर सरस ठरत नाही. तीन, फक्त जवळपासची खाच बघणाऱ्या रीतींपेक्षा, जाडीसारखं दूरवरचं मोजणाऱ्या रीती माणसाच्या जास्त जवळ जातात.

शिकवून घेणं

यानंतरचा टप्पा आपल्या ओळखीचा आहे. नियम सांगत बसण्यापेक्षा उदाहरणं दाखवून शिकवायचं. २०१० साली कालोगेराकिस, हर्ट्झमन आणि सिंग यांनी दाखवलं की माणसांनी नावं दिलेली थोडी मॉडेलं संगणकाला दिली, तर नव्या मॉडेलचे तो फक्त तुकडे करत नाही, त्यांना 'हात', 'डोकं' अशी नावंही देतो. २०१७ साली 'पॉइंटनेट' आलं, जे सुट्या बिंदूंवरून शिकतं. २०१९ साली 'मेशसीएनएन' आलं, जे जाळीच्या कडांवरूनच शिकतं. त्याच वर्षी 'पार्टनेट' हा उदाहरणांचा मोठा साठा प्रसिद्ध झाला : २४ प्रकारच्या वस्तू, २६,६७१ मॉडेलं आणि ५,७३,५७५ नव्हे, ५,७३,५८५ भाग. आकडा मुद्दाम नीट सांगतोय, कारण यातल्या प्रत्येक भागामागे माणसानं घेतलेला निर्णय आहे. यंत्राच्या बुद्धीखाली माणसांची मेहनत गाडलेली असते, तिची आठवण ठेवावी.

पण त्या साठ्यात आहे काय? मुख्यतः खुर्च्या, टेबलं, दिवे, कपाटं. ज्यानं खुर्च्या पाहिल्या तो खुर्च्यांत हुशार होणार. त्याच्यासमोर पाटा-वरवंटा ठेवला तर तो त्यातही खुर्चीचा पाय शोधणार. आता मी अशा एका वस्तूकडे येतो जी या कुठल्याच साठ्यात नीट सापडत नाही, आणि जिथे सीमा चुकली तर माणसाला जखम होते.

गुडघ्याखालचा पाय

सुरुंगानं पाय जाणं हे फौजेत नवीन नाही. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली सुरू झालं आणि आजही ते जवानांबरोबर सामान्य नागरिकांनाही कृत्रिम अवयव देतं. माझ्या नोकरीच्या काळात मी अशा जवानांबरोबर वेळ घालवला आहे, आणि कृत्रिम पाय बसवणाऱ्या कारागिरांचे हात काम करताना जवळून पाहिले आहेत.

गुडघ्याखाली पाय कापला जातो तेव्हा उरलेल्या भागावर एक साचेबंद वाटी बसवतात, तिला सॉकेट म्हणतात. शरीराचं सगळं वजन त्या सॉकेटमधून खाली जातं. प्रश्न असा की ते वजन कातडीच्या कुठल्या भागावर द्यायचं? सगळीकडे सारखं देता येत नाही. गुडघ्याच्या वाटीखालची जाड कंडरा, नडगीच्या हाडाची आतल्या बाजूची पसरट जागा, मागचा पोटरीचा मऊ भाग, हे दाब सहन करतात. नडगीची पुढची धार, हाडाचं कापलेलं टोक आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या बारीक हाडाचं डोकं, हे दाब सहन करत नाहीत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात या तत्त्वावरच्या सॉकेटची पद्धत पक्की झाली आणि जगभर गेली.

हातानं काम करणारा कारागीर काय करतो? आधी अंगठ्यानं दाबून एकेक जागा शोधतो. ओल्या प्लॅस्टरवर उमटणाऱ्या पेन्सिलीनं खुणा करतो. त्यावर प्लॅस्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतो. मग त्या साच्यातून पायाची भरीव प्रतिकृती ओततो आणि तिच्यावर काम करतो. दाब सहन करणाऱ्या जागी प्लॅस्टर काही मिलिमीटर खरवडतो, म्हणजे सॉकेट तिथे घट्ट बसेल. नाजूक जागी प्लॅस्टर वाढवतो, म्हणजे सॉकेट तिथे सैल राहील. सगळं कौशल्य कुठे किती, यात आहे.

आता हेच काम स्कॅनर आणि संगणकावर करायचं म्हणजे काय? उरलेल्या पायाची जाळी घ्यायची, तिचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचे बिंदू ठरल्याप्रमाणे आत किंवा बाहेर सरकवायचे. म्हणजे आजचाच विषय. फायदे उघड आहेत : प्लॅस्टरचा पसारा नाही, मोजमाप साठवून ठेवता येतं, आणि पाच वर्षांनी पाय बारीक झाला तर जुन्याशी ताडून पाहता येतं.

पण आपल्या चारही रीती इथे लावून पाहा. खाचेचा नियम? उरलेला पाय हा जवळपास गुळगुळीत शंकू असतो, त्याच्यावर स्पष्ट खाच नाही. जाडी? वरून खाली हळूहळू कमी होत जाते, कुठेही एकदम बदलत नाही. पाणी ओतलं तर ते शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ डबकी करील, आणि नेमकी ती सीमा आपल्या कामाची नाही. बारीक हाडाचं डोकं बाहेरून जेमतेम सुपारीएवढा उंचवटा दिसतो. त्याच्या खालूनच वळसा घेऊन एक महत्त्वाची नस जाते, ती तर पृष्ठभागावर अजिबात दिसत नाही. मोदकातलं सारण आठवतंय? इथे सारण म्हणजे हाड आणि नस. जाळीला ते ठाऊक नाही. अंगठ्याला ठाऊक आहे.

म्हणून इथे शहाणी पद्धत मिश्र असते. तज्ज्ञ आधी हातानं चाचपून पायावर मोजक्या खुणा करतो. स्कॅनर जाळीबरोबर त्या खुणाही टिपतो. संगणकात एक नमुन्याचा पाय असतो, त्याच्यावर सगळे भाग आधीच नावानिशी आखलेले असतात. त्या नमुन्याच्या खुणा रुग्णाच्या खुणांवर बसवून, नमुना ताणून-आवळून रुग्णाच्या आकारात आणतात, आणि त्याच्यावरच्या सीमा नव्या जाळीवर उतरतात. शेवटी तज्ज्ञ त्या तपासतो आणि हवं तिथे सरकवतो. थोडक्यात, अर्थ माणूस देतो आणि कष्ट यंत्र करतं.

आणखी एक बारकावा. कंपन्यांची हद्द एका रेषेवर संपलेली चालते. इथे तसं चालत नाही. एका भागाचे बिंदू तीन मिलिमीटर आत आणि लगेच शेजारचे तीन मिलिमीटर बाहेर नेले, तर सॉकेटच्या आत एक पायरी तयार होईल. हजारो पावलं चालल्यावर ती पायरी कातडी कापेल. म्हणून सीमेवर दोन्हीकडून उतार द्यावा लागतो. कात्झ आणि ताल यांचा 'संदिग्ध पट्टा' इथे अडचण राहत नाही, उलट तोच हवा असतो.

मधुमेहानं पाय गमावलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे जास्तच जपावं लागतं. जवानाला टोचलं तर तो सांगतो. ज्याच्या पायाची संवेदनाच गेली आहे त्याला टोचल्याचं कळत नाही. तो चालत राहतो, आणि संध्याकाळी सॉकेट काढल्यावर रक्त दिसतं. अशा माणसासाठी जाळीवरची रेषा दहा मिलिमीटर इकडची तिकडे होणं म्हणजे नवी जखम, आणि कधी कधी नवी शस्त्रक्रिया. परीक्षेत ९५ टक्के गुण मिळवणारी रीत टेडी अस्वलाला चालेल. इथे उरलेले पाच टक्के नेमके कुठे चुकले, हे विचारायला हवं.

घरी करून पाहा

कणकेचा एक गोळा घ्या आणि मुलांकडून त्याचा हत्ती करून घ्या. मग घरातल्या तिघांना वेगवेगळं बसवून, दोरा ठेवून भाग पाडायला सांगा. सोंड, कान, पाय यांवर तिघांचं एकमत होईल. मान कुठे संपते यावर होणार नाही. मग प्रश्न बदला : 'हा हत्ती चालवायचा असेल तर कुठे सांधे ठेवाल?' दोरे सरकलेले दिसतील. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावं आणि एखाद्या मॉडेलच्या भागांना वेगवेगळे रंग देऊन पाहावेत. कुठला त्रिकोण कुठल्या रंगात घालावा, यावर तुम्ही स्वतः अडलात की हा विषय खऱ्या अर्थानं समजायला लागला.

आता उजळणी. जाळीला फक्त आकार माहीत असतो. खाच, पाण्याचा उतार, पृष्ठभागावरचं अंतर आणि आतली जाडी, या आकारातून भाग ओळखायच्या चार खुणा. उदाहरणांवरून शिकणारी यंत्रं यांच्या पुढे गेली आहेत, पण त्यांनी जे पाहिलं त्यातच ती हुशार आहेत. आणि विभागणी कशासाठी करतोय, हे आधी ठरवल्याशिवाय ती बरोबर की चूक हे सांगता येत नाही.

पुढच्या भागात ड्रोननं काढलेल्या फोटोंवरून गावाचा त्रिमितीय नकाशा कसा तयार होतो ते पाहू. तोवर नमस्कार. जय हिंद.